मेंढीचं हळू बोलणं

पुसेगावचा अंगद लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडं आवाज रेकॉर्ड करायची कामं करायचा. घरची मेंढरं मात्र आईच्या, सिंधूबाईच्या, ताब्यात.

एकदा मेंढी व्याली तेव्हा सिंधूबाई सहज बोलून गेली, "हे लेकराशी येगळंच बोलती बघ. तोंड मिटून, घशातल्या घशात."

अंगद मेंढरांतच वाढलेला, पण हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं खिशातला रेकॉर्डर काढून मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या खांबाला बांधला. नंतर ऐकलं तर नुसतं सूंऽऽ. त्यानं आवाजाची पातळी वाढवून पुन्हा रेकॉर्ड केलं, तर सूंसुद्धा वाढलं. वर पलीकडची मेंढरं ओरडली तिथं आवाज पार फाटला. पातळी उतरवली तेव्हा फाटणं थांबलं, पण मेंढीचं बोलणं काही केल्या ऐकू येईना.

हे सूं येतं कुठून? वारा म्हणावा तर झाडाचं पान हलत नव्हतं. त्यानं रेकॉर्डर गोधडीत गुंडाळून धान्याच्या रिकाम्या कोठीत ठेवला, वर झाकण लावलं. तरी सूं होतंच.

"आई, हा मशीनचा सवताचाच आवाज हाय. ह्याच्याहून हळू काई असलं की ते ह्याच्याखाली दबून जातं."

"मंग जवळ जाऊन घे की."

"मी गेलो की मेंढी बिचकून राहिली."

मग त्याला नवरदेवाच्या शेरवानीला लावायचा बिनवायरचा माईक आठवला. तो कोकराच्या गळ्यात बांधणार, तोच सिंधूबाईनं हात धरला. "थांब! परका वास आला तर हे लेकराला जवळ करनार न्हाई." तिनं मेंढीच्या अंगची ओलसर लोकर माईकवर चांगली घासली, त्यातलीच थोडी भोवती गुंडाळली. मग अंगदनं तो कोकराला बांधला.

मेंढीनं कोकराला हुंगलं. पाय आपटला. अंगद आणि सिंधूबाई जागेवरून हलले नाहीत. पुन्हा हुंगलं आणि मग कोकराला पिऊ दिलं.

आता माईक इतका जवळ होता की पातळी उतरवूनही ते घोगरं, थरथरतं बोलणं सूंच्या वर स्पष्ट निघालं. कोकरू जोरात ओरडलं तरी आवाज फाटला नाही.

अंगदनं हेडफोन आईच्या कानाला लावला. ती कोकराकडं बघत ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "लेकरू दूध गिळून राहिलं तव्हा हे गप. थान सोडलं की बोलती. काहून रं?"

"मला काय ठाव?"

"समद्याच मेंढ्या असं करत असतील?"

डोंगरकडा गावी लग्नाच्या शूटिंगचं काम होतं. अंगदनं शूटिंगवाल्याला फोन करून सांगितलं, दुसऱ्या कोणाला तरी घेऊन जा. इथं आणखी एक मेंढी व्यायला आली आहे.