खंडेनवमीचा नारळ
खंडेनवमीला कापराचा वास आला की मला आजही संताप येतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या आमच्या बियाणे कंपनीत मोठ्या संगणकातून नोंदींचे कागद छापून निघत आणि धरणगावहून येणाऱ्या अक्का त्या नोंदी टेबलावरच्या संगणकात पुन्हा टाइप करत. हे काम परस्पर करणारा प्रोग्रॅम मी लिहिला, पण जुन्या नोंदींत चुका कुठे आहेत, हे शेजारी बसून अक्कांनीच सांगितलं. पहिली यादी उतरली तेव्हा त्यांनी ती ओळीओळीने तपासली आणि सगळं जुळल्यावर आपल्या अहिराणीत म्हणाल्या, “बठ्ठं बरोबर शे, भाऊ. आता माले चहा पाज!” खंडेनवमीला दोन्ही यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. साहेबांनी नारळ अक्कांच्याच हातून फोडवला आणि खोबरं खात सांगितलं, “अक्का, दसऱ्यानंतर येऊ नका. आता सगळं आपोआप होतं.” आपोआप! तीन आठवडे ही बाई घसा सुकेपर्यंत मला समजावत होती, आणि म्हणे आपोआप! अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रसादाचं खोबरं घेऊन माझ्या टेबलाकडे वळलो. गेल्या आठवड्यात अक्का वारल्या. घरच्यांना भेटायला धरणगावला गेलो तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, “आई सांगायची, तो प्रोग्रॅम आम्ही दोघांनी केला.” एवढंच वाक्य त्या दिवशी मी साहेबांसमोर बोलायला हवं होतं.