खडूची रेघ

गेल्या शुक्रवारी रियाधमध्ये लेकीला घेऊन फ्रेंच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले होते. एकोणिसाव्या शतकातल्या एका अभ्यासचित्रात उघड्या अंगाचा म्हातारा बसला होता. खाली चित्रकाराचं नाव ठळक, म्हातारा मात्र ‘अनामिक मॉडेल’. त्याच्या पावलांभोवती पुसट पांढरी रेघ दिसली आणि मी थबकलेच.

माझे बाबा कोल्हापूरच्या एका कलाशाळेत मॉडेल म्हणून बसायचे. एकदा आईनं डबा देऊन मला तिकडं पाठवलं. वर्गात टर्पेंटाइनचा उग्र वास कोंडला होता. चौथऱ्यावर बाबा, कमरेला नुसता पंचा, आणि भोवती वीस-पंचवीस मुलं त्यांना निरखत होती. मी हाक मारली, "बाबा!" त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला रडूच कोसळलं.

मधली सुट्टी झाली तेव्हा सरांनी त्यांच्या पावलांभोवती खडूनं रेघ ओढली, मगच बाबा उठले. "हललो असतो तर एवढ्या पोरांचं चित्र बिघडलं असतं गं," म्हणाले. चहा पिऊन परत गेले आणि दोन्ही पावलं बरोब्बर त्या रेघेत ठेवली.

तेव्हा मला फक्त त्यांच्या उघड्या अंगाची लाज वाटली. बाबा कॉलेजात नोकरीला आहेत, असं मैत्रिणींना सांगायचे. लेकीलाही तेच सांगत आले.

"मम्मा, इसका नाम क्यों नहीं लिखा?" चित्रातल्या म्हाताऱ्याकडं बोट दाखवत लेकीनं विचारलं.

"कुणी विचारलंच नसेल," मी म्हणाले. "तुझ्या आजोबांचं नाव तुला ठाऊक आहे ना? ते हेच काम करायचे. आणि मी हाक मारली तरी हलले नाहीत."