ऑरिनची टोपडी

ऑरिन स्टम्फने एकतीस वर्षं कारखान्यात साचे बनवले आणि निवृत्त झाल्यावर नेमबाजांवर उपकार करायचं ठरवलं. उपकार कुणी मागितले नव्हते, पण त्यासाठी कुणी मागावं लागतं असं ऑरिनला कधी वाटलं नाही.

पॉइंट टू-टूचं नेमबाजीचं पिस्तूल झाडलं की हाताला बसणारा धक्का मांजराच्या शिंकेएवढा असतो. हा धक्का कमी करण्यात ऑरिनने अकरा वर्षं घालवली. गॅरेजमधल्या लेथवर तो अंगठ्याएवढे ॲल्युमिनियमचे तुकडे कातायचा आणि त्यांना वरून भोकं पाडायचा. हा तुकडा नळीच्या तोंडावर बसवायचा. गोळीमागचा वायू भोकांतून वर उसळतो आणि पिस्तुलाचं नाक खाली दाबतो. निदान ऑरिनच्या वहीत तरी दाबत असे. तो त्याला कॉम्पेन्सेटर म्हणायचा. वॉल्नट फोर्कच्या पिस्तूल क्लबातले लोक, तो खोलीत नसताना, टोपडं म्हणायचे.

ओहायोच्या त्या भागातली माणसं भिडस्त. शेजारणीने आणलेला कॅसरोल घशाखाली उतरत नसला तरी दुसऱ्यांदा वाढून घेतील, आणि वर पाककृती विचारतील. म्हणून दर मंगळवारी संध्याकाळी क्लबाच्या संघातल्या चारही पिस्तुलांवर टोपडी दिसायची. कर्णधार मर्ल डीच हा पेशाने खाटीक. वॉन्डा क्रेब्स शाळेची बस चालवायची. उरलेले दोघे म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर आणि त्यांचा मेहुणा. हा मेहुणा बोलत नसे, त्यामुळे त्याचं मत सगळ्यांना पटायचं.

राज्य स्पर्धा दर एप्रिलमध्ये, दोन तासांवरच्या गावात. ऑरिनने ती कधी पाहिली नव्हती, कारण नेमक्या त्याच शनिवारी चर्चमध्ये जुन्या सामानाची विक्री असायची आणि टेबलं उचलायला बायको लिओना त्याला जुंपायची. संघ दरवर्षी चौथा-पाचवा येऊन परतायचा आणि मर्ल सांगायचा, "तुझं ते एकदम दगडासारखं स्थिर राहिलं बघ, ऑरिन." ऑरिन वहीत तारीख घालून लिहायचा: स्थिर. दगड. पाचवे आलेले लोक इतके खूश कसे, हा प्रश्न त्याला पडला नाही. शोध लावणाऱ्यांना असे प्रश्न सहसा पडत नाहीत.

यंदा चर्चचा बॉयलर फुटला. विक्री पुढे ढकलली.

"मग जा की," लिओना म्हणाली. "अकरा वर्षं त्यांच्या तोंडून ऐकतोयस. तुझी ती यंत्रं काम करतात की नाही, एकदा डोळ्यांनी बघून ये."

ऑरिन पोचला तेव्हा पहिली, संथ फेरी संपली होती आणि जलद फेरी बाकी होती. लोक मागे कॉफी पीत उभे होते. पिस्तुलं नियमाप्रमाणे रिकामी करून पुढच्या टेबलांवर मांडलेली. परवानगीशिवाय त्यांना कुणी हात लावायचा नाही. आपल्या क्लबाचं टेबल ऑरिनने लांबूनच ओळखलं. चार पिस्तुलं होती. चारही बोडकी.

चष्मा पुसून त्याने पुन्हा मोजलं. मोजणी बरोबरच होती.

"अरे ऑरिन, तू इकडे कुठे?" मर्लच्या हातातला डोनट वाटेतच थांबला.

"बॉयलर फुटला."

"कुणाचा?"

"चर्चचा."

"अरेरे," मर्ल म्हणाला. सख्ख्या काकाच्या दफनाला तो इतका हळहळला नव्हता.

"कॉम्पेन्सेटर कुठे आहेत?"

"काढलेत. पुसायला," वॉन्डा म्हणाली.

"चौघांचे एकदम?"

"इथे धूळ फार आहे हो."

डॉक्टरांनी मान डोलावली. खोट्याला पाठिंबा द्यायची त्यांना सवय होती. दुखणार नाही, असं ते दिवसातून वीसदा म्हणत. मेहुणा छताकडे बघत राहिला.

ऑरिनने गुणफलकाकडे पाहिलं. वॉल्नट फोर्क पहिलं होतं. सहा गुणांनी पुढे. क्लब स्थापन झाल्यापासून त्या फळ्यावर त्यांचं नाव एवढ्या उंचीवर कुणी वाचलं नव्हतं.

"बसवतो आम्ही," मर्ल घाईने म्हणाला. "हात लावायची परवानगी मिळू दे, की लगेच." वॉन्डाने बॅगेतून एक लोकरी मोजा काढला आणि त्यातून चार टोपडी टेबलावर ओतली. एकाच्याही अंगावर धुळीचा कण नव्हता. आजच्या वापराचा तर नव्हताच.

आता ऑरिनला जे ठाऊक होतं, ते तिथे दुसऱ्या कुणाला इतकं नीट ठाऊक नव्हतं. नळीच्या टोकाला वजन वाढलं की गोळी ठरल्या जागेच्या खाली लागते. या चौघांनी नेम बोडक्या पिस्तुलांवर बसवला होता. आता टोपडी चढवली, तर ते सहा गुण पहिल्या पाच गोळ्यांत जाणार. आणि नाही चढवली, तर अकरा वर्षांचं काय झालं, हे सगळ्यांसमोर उघड होणार.

आणि ही माणसं चढवणार होती. पहिला नंबर घालवतील, पण ऑरिनला वाईट वाटू देणार नाहीत. असल्या चांगुलपणाला काय म्हणावं?

रेंज ऑफिसरने तयारीची तीन मिनिटं पुकारली. मर्लने स्क्रूची चावी हातात घेतली. पहिलं टोपडं त्याने उचललं.

"थांब. आण इकडे," ऑरिन म्हणाला.

त्याने पहिलं टोपडं उजेडात धरलं. "स्क्रूचा आटा गेलाय." दुसरं धरलं. "याचाही." तिसरं बोटाने चाचपलं. "याला चीर आहे." चीर कुठेच नव्हती. त्याच्या हातून निघालेल्या तुकड्याला आजवर कधी चीर पडली नव्हती. चौथं त्याने पाहिलंही नाही. "असले घेऊन मी कुणाला लाइनवर उभं राहू देणार नाही. धोक्याचं काम आहे."

"मग आता रे?" मर्लने विचारलं. आवाजात निराशा आणायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला.

"मग काय, तसेच मारा."

"जड जाईल हो फार," वॉन्डा म्हणाली. तिने पिस्तूल केव्हाच उचललं होतं.

"जाईलच," ऑरिन म्हणाला आणि मोज्यासकट चारही टोपडी त्याने कोटाच्या खिशात घातली.

वॉल्नट फोर्क चार गुणांनी पहिलं आलं. चषकाबरोबर फोटो काढताना त्यांनी ऑरिनला मधोमध उभं केलं.

"ती बसवलेली असती ना, तर आणखी दहा गुण वाढले असते," मर्ल म्हणाला.

"बारा," ऑरिन म्हणाला.

"दुरुस्तीला वेळ लागेल का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"लागेल. काम बारीक आहे."

"काही घाई नाही," मेहुणा म्हणाला. दिवसभरात तो एवढंच बोलला.

घरी लिओना पोर्चमध्ये बसली होती. "बघितलंस मग डोळ्यांनी?"

"बघितलं."

"काम करतात?"

"उत्तम," ऑरिन बूट काढत म्हणाला. "फक्त बसवायची नाहीत."