बोक्याचा कान आणि दोन मशिनं

आमच्या घरात साखर मोजायची दोन मशिनं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी कधी पटत नाही. एक ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, बरीच वर्षं वापरातलं. दुसरं खास कुत्र्या-मांजरांसाठी बनवलेलं, लेकीने पुण्याहून कुरिअरने पाठवलेलं. मधुमेह ह्यांनाही आहे आणि आमच्या बोक्यालाही. आमच्या मिठबाव गावात माणसाला साखर झाली म्हटलं की लोक घरी येऊन कारल्याचा रस सुचवतात. बोक्याला झाली म्हटल्यावर हसतात. हसू देत. सकाळ-संध्याकाळ सुई मी टोचते, हसणारे टोचत नाहीत.

ओरोसच्या गुरांच्या डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. सुईच्या आधी साखर बघायची. दीडशेच्या खाली असेल तर इन्सुलिन द्यायचं नाही. दिलं तर साखर एकदम उतरेल, फिट येईल, आणि इतक्या लांब त्याला घेऊन येईपर्यंत तो हातचा जाईल. त्यांनी हे शांतपणे सांगितलं, पण माझ्या जिवाला तेव्हापासून जो घोर लागला तो लागलाच. बोका झोपला की मी त्याचं पोट हलतंय का ते बघायचे. हलत असलं तरी पुन्हा बघायचे.

सुरुवातीला ह्यांचंच मशीन वापरलं. त्याच्या पट्ट्या इथे औषधाच्या दुकानात मिळतात, ही सोय. पण त्याला रक्ताचा चांगला टपोरा थेंब लागतो आणि बोक्याच्या कानाच्या कडेतून तेवढा निघेपर्यंत माझ्या मनगटावर ओरखडे. लेकीच्या मशीनला मोहरीएवढा थेंब पुरतो. पट्ट्या मात्र पुण्याहून यायच्या, आणि कुरिअरवाल्याची वाट बघण्यात माझा जीव टांगणीला. त्यात एकाच थेंबावर लेकीचं दोनशे साठ सांगणार, तर ह्यांचं एकशे नव्वद. डॉक्टर म्हणाले, माणसाच्या मशीनवर मांजराची साखर कमी दिसते, मांजराच्याच मशीनवर विश्वास ठेवा. ठेवला. तरी मी दोन्ही लावून बघायचेच. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला विचारून घ्यायचं, हा माझा स्वभाव. ह्यांचं स्थळसुद्धा मी दोघांकडून चौकशी केल्याशिवाय पत्करलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात ह्यांचीही साखर चढू लागली. आंबापोळीचे दिवस होते. हे अंगणात बसून आंबे पिळत, मी रस आटवून तूप लावलेल्या ताटांत ओतत असे. मधे वेळ मिळाला की हे तिथेच बोट टोचून घेत, आणि आकडा रोज वरचाच. चोरून आंबे खाता, म्हणून मी त्यांना फैलावर घेतलं.

“तुझी शपथ गो, औंदा एक फोड म्हणान खाल्लंय नाय,” ते म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. आंब्यांच्या ढिगापाशी दिवसभर बसलेला मधुमेही माणूस शपथ घेणार नाही तर काय करणार? मी त्यांच्या डॉक्टरांना आकडे फोनवर कळवले, त्यांनी गोळी वाढवली. त्यानंतर हे उठताना भिंतीचा आधार घेऊ लागले. ऊन बाधत असेल, असं तेच म्हणाले, आणि बोक्याच्या काळजीपुढे मलाही ते पटलं.

एका संध्याकाळी बोक्याने थोडंसं खाऊन बशीकडे पाठ फिरवली. दिवसभर तो बाजेवर वाळत ठेवलेल्या पोळीच्या ताटांखाली सावलीला पडून होता, आता मान टाकून बसला. साखर वाढली तरी तो मलूल होतो आणि उतरली तरी मलूलच होतो. मी होते तशीच, अंगणातच, दोन्ही मशिनं घेऊन बसले. पोळीचं काम चालू असताना आम्ही हात धूत नाही. ओल्या हाताचा एक थेंब जरी रसात पडला तरी पोळीला बुरशी धरते, म्हणून कोरड्या फडक्याला हात पुसायचे, ही माझ्या सासूबाईंनी लावलेली शिस्त. मी हात पुसले, बोक्याचा कान चोळून गरम केला आणि टोचला.

लेकीचं मशीन म्हणालं चारशे बारा. ह्यांचं म्हणालं चारशे पाच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघांचं जमलं होतं. आकडा भयंकर होता, पण शंकेला जागा नव्हती, आणि मला खरं सांगायचं तर जरा हायसंच वाटलं. मी नेहमीचा डोस भरला, मानेजवळची कातडी चिमटीत धरली.

“ह्येच्या कानार मुंगळे कित्याक चढतत गो?” हे समोरून म्हणाले.

मी बघितलं. टोचलेल्या कानाच्या कडेने काळे मुंगळे चालले होते. मग मी माझा अंगठा बघितला. तो चिकट होता.

सुई खाली ठेवली. साबणाने हात धुतले, बोक्याचा कान कोमट पाण्याने पुसून कोरडा केला आणि पुन्हा टोचलं. एकशे बारा. ह्यांच्या मशीनवर एक्याऐंशी. मी भरलेली सुई मोरीत रिकामी केली आणि तिथेच खाली बसून रडले. दोन्ही मशिनांनी आंब्याचीच साखर मोजली होती, आणि त्या आकड्यावर मी त्याला मारून टाकलं असतं. बोका माझ्या पायाला अंग घासत होता. ते मला सहन होईना.

हे खांबाला धरून उभे होते. बोक्याचं झालं, आता माझंही बघतो, असं म्हणत त्यांनी फडक्याला बोटं पुसली आणि आपलं मशीन उचललं. माझी नजर त्यांच्या बोटांवर गेली. नखं पिवळीधमक होती.

“साबण लावन हात धुवन येवा,” मी म्हटलं, “आणि हंय बसा.”

माझा आवाज ऐकून ते हात धुवायला गेले. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. त्यांचं बोट मी स्वतः कोरडं केलं, स्वतः टोचलं. आकडा आला अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली माणसालाही धोका.

मी ढिगातला एक आंबा कापला आणि फोड त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग ती खाल्ली. त्या मोसमातली ती त्यांची पहिलीच फोड होती.