पश्चिमेची भिंत

आयर्लंडच्या नास गावातल्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत ओल धरते. आडवा पाऊस थेट तिच्यावरच येतो, आणि तिच्या आतल्या बाजूला नेमकी पाहुण्यांची खोली. मागच्या वेळी नागपूरहून आई आली, त्याच खोलीत झोपली, आणि तिचा दमा असा उसळला की मुक्काम अर्धवट टाकून तिला परत पाठवावं लागलं. विमानतळावर म्हणाली, "भिंत वाळली की सांग, मी येते."

उपाय सोपा होता. भिंतीला बाहेरून आवरण घालायचं. कशाचं, यावर मात्र आमचं घोडं अडलं. मला हवी होती लाकडाची कौलं, एकावर एक चढवलेली. नवऱ्याला प्लास्टिकच्या पट्ट्या. "लाकूड इथे कुजतं," तो म्हणे. "मग टपरीच बांध ना," मी म्हणे. आम्ही दोघंही कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात. धुळीच्या एका कणावरून मीटिंग घेणारी माणसं. नमुन्याचे दोन तुकडे बादलीत बुडवले, वाळवले, पुन्हा बुडवले. अख्खा उन्हाळा, तोही कधी नव्हे तो कोरडा, आम्ही यातच घालवला. आई फोनवर विचारायची, "अजून ठरवूनच राहिले का बाप्पा तुम्ही?"

सप्टेंबरात सुतार म्हणाला, मी आता मोकळा आहे, काहीही लावा पण सांगा. तेव्हा पितृपक्ष लागलेला. पितृपक्षात घराचं काम काढायचं नाही, असं आईनेच बजावलं, आणि खरं सांगते, आम्हा दोघांना हायसं वाटलं. अजून थोडं भांडता येणार होतं. सुताराला म्हटलं, नंतर ये. "ग्रँड," म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'बरं', आणि त्याने दुसऱ्याचं काम धरलं. मग वारे सुटले. आता वसंत ऋतू येईपर्यंत कुणी शिडी लावणार नव्हतं.

हिवाळ्यात आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. भावाने तिच्या नकळत मला सांगितलं, डॉक्टर म्हणतात, विमानप्रवास आता विसरा. कायमचा.

त्या संध्याकाळी नवरा शेजारी येऊन बसला. "लाकूडच लावू," म्हणाला. "तुला हवं तसं."

असा संताप आला मला! आता? प्लास्टिक लाव, पत्रा लाव, नाहीतर पडू दे मेली ती भिंत. कुणासाठी वाळवायची? मी ढसाढसा रडले.

रविवारी आईचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"भिंत वाळली का गं?"

मी त्याच खोलीत उभी होते. भिंतीला टेकलेला तळहात ओला झाला होता.

"वाळली, आई. अगदी खडखडीत."

"मग येते मी उन्हाळ्यात," ती म्हणाली. "गादी तेवढी उन्हात घालून ठेव."