सुदामभाऊच्या पायाची पट्टी

"साहेब, पट्टी सोडून द्या. भजे कोणी खाऊन नाही राहिलं."

सुदामभाऊ दवाखान्यात शिरला तो हेच बोलत. तुमसरला राईस मिलजवळ त्याचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक भट्टी, दोन बाकडी आणि त्याच्या हातची भजी. दिवसभर कढईपुढे उभं राहून त्याच्या डाव्या पायावर निळ्या शिरांच्या गाठी फुगल्या होत्या. याला आम्ही व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. शिरांमधल्या झडपा ढिल्या पडतात, रक्त वर जायचं सोडून खाली साचतं. पुढे कातडी काळवंडते, जखम होते आणि भरता भरत नाही.

ऑपरेशनसाठी नागपूरला जायला तो तयार नव्हता. म्हणून मी शिरेत इंजेक्शनं दिली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे ही नवलाईच होती. कापाकापी नाही, टाके नाहीत, पेशंट चालत घरी. औषधाने शीर आतून चिकटून बंद होते, रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांनी जातं. अट एकच, वरून घट्ट पट्टी, सहा आठवडे. ती आधी सुटली तर शीर पुन्हा उघडायची.

नेमकी तीच नडली. जिल्ह्यात तेव्हा कुष्ठरोग बराच होता. बाजारात पायाला पट्ट्या गुंडाळून बसलेल्या माणसांना लोक लांबूनच वळसा घालत. सुदामभाऊचं धोतर आखूड, त्यामुळे पट्टी सगळ्यांना दिसली.

"मिलचे हमाल म्हणून राहिले, सुदामले महारोग झाला."

"पायजमा घाला. पट्टी दिसायलाच नको," मी म्हणालो.

जन्मात पायजमा न घातलेला माणूस भट्टीपुढे पायजम्यात दिसल्यावर लोकांची खात्रीच पटली, हा लपवतोय. मग मी स्वतः जाऊन सगळ्यांदेखत भजी खाल्ली. तर बोभाटा असा, की खुद्द डॉक्टर हॉटेलात बघायला येतो म्हणजे रोग मोठाच असणार! करायला गेलो काय नि झालं काय.

शेवटी त्याची बायको आली.

"पट्टी सोडू द्या साहेब."

"अजून तीन आठवडे काढा, बाई."

"का खाऊन काढू जी?"

दुसऱ्याच दिवशी सुदामभाऊने गिऱ्हाइकांसमोर पट्टी सोडली. कातडी साफ, बोटं शाबूत. हळूहळू गर्दी परतली. शिराही परतल्या.

दोनेक वर्षांनी घोट्याजवळ जखम झाली आणि चिघळली. आता पट्टीवाचून गत्यंतर नव्हतं. गिऱ्हाइकं पुन्हा गेली, ती कायमचीच. हॉटेल बंद करून तो लाखांदूरकडे भावाच्या घरी निघाला. जाताना मला भेटायला आला.

"सुई चांगली होती साहेब," एवढंच म्हणाला.

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एक साधा, बरा होण्यासारखा पाय माझ्या हातून गेला, याचं अजून वाईट वाटतं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी पेशंटच्या शिरा नंतर तपासायचो. आधी विचारायचो, दिवसभर तुमच्या पायाकडे कोण कोण बघतं?