दोन सूत डावीकडे

उकंडराव पहिल्यांदा माणिकरावांच्या दुकानात आले तेव्हा ते सायकलवर बसलेले नव्हते, सायकल त्यांच्यावर बसलेली होती. वरवट बकालच्या वळणावर एका गोऱ्ह्याला वाचवण्याच्या नादात त्यांनी सायकल सरळ नालीत घातली होती आणि बाहेर निघाले ते गळ्यात पुढच्या चाकाचा हार घालूनच. गावात सांगतात की त्या आवाजाने शाळेतली पोरं सुट्टी झाली समजून घरी गेली, दोन म्हशी आठ दिवस आटल्या, आणि उत्तरेला जो सातपुडा दिसतो तो त्याआधी बराच जवळ होता, तो त्या दिवशी घाबरून मागे सरकला.

दुकान उघडून तेव्हा आठच दिवस झाले होते. समोर सहा फुटांचा माणूस उभा, गुडघ्यातून रक्त वाहतंय, पायजम्याची एक बाजू नालीतच राहिलेली. माणिकरावांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी हार उतरवून घेतला, उन्हात धरला, फिरवला आणि म्हणाले, "वा!"

"वा काय बे? मले लागलं आहे!"

"तुम्हाले चार टाके पडतीन, भाऊ. याले वेळ लागन."

तिसऱ्या दिवशी चाक तयार झालं. उकंडराव लंगडत येऊन सायकलवर बसले, समोरच्या कडुनिंबापर्यंत गेले, परत आले, उतरले आणि म्हणाले, "मिस्त्री, डावीकडे ओढते."

"सायकल सरळ आहे, भाऊ. तुमची बैठकच डावीकडे आहे."

"माही बैठक साऱ्या तालुक्याले माहीत आहे! चाक वाकडं आहे."

तो बाजाराचा दिवस होता, त्यामुळे ऐकायला निम्मं गाव हजर होतं. माणिकराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्या वयात माणूस जे करतो ते त्यांनी केलं. तारा आवळायची चावी हवेत उंच धरून ते म्हणाले, "माह्या हातच्या चाकात सूतभर जरी वाकडं निघालं ना, तं त्या दिवसापासून चाकाले हात नाई लावणार!"

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. दर महिन्याला उकंडराव येत, सायकलवर बसून दोन्ही हात सोडत, सायकल डावीकडे वळून दाखवत आणि म्हणत, "पाहा." माणिकराव म्हणत, "बैठक." मग चहा. गावात दोन पक्ष पडले होते, चाकवाले आणि बैठकवाले, आणि एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हा प्रश्न जवळजवळ आलाच होता.

माणिकरावांना पंक्चर काढायला आवडत नसे. ते तानाबाई काढत. हवा भरायची, चेन चढवायची, ब्रेकचे गुटके बदलायचे, हेही त्यांच्याचकडे. त्यांचा हात नवऱ्यापेक्षा चौपट चाले, आणि तोंड आठपट. माणिकरावांचा जीव एकाच कामात होता, चाकाचा आऊट काढण्यात. त्यासाठी त्यांच्याकडे एक लोखंडी घोडी होती. खामगावच्या त्यांच्या उस्तादांनी मोडक्या पलंगाचे दोन पाय आडव्या पट्टीवर बोल्टांनी कसून ती बनवली होती. दोन पायांच्या मधे चाक अडकवायचं, बाजूला एक काटा, चाकाच्या कडेला लागेल न लागेल असा. चाक फिरवलं की जिथं वाकडं असेल तिथं काटा घासतो. खस्स. तिथली तार सैल करायची, समोरची पाव फेरा आवळायची, पुन्हा फिरवायचं. खस्स. पुन्हा पाव फेरा. हळूहळू आवाज बारीक होत जातो, आणि मग चाक फिरतं पण काहीच ऐकू येत नाही.

त्या काही-नाही-पर्यंत पोचायला माणिकरावांना कधी अर्धा तास लागे, कधी अख्खी दुपार. तेवढ्या वेळात ते वरवट बकालमध्ये नसत. तारा दिसेनाशा होत, नुसता एक चंदेरी पडदा उरे, त्यामागे रस्ता, कपाशीचं रान, डोंगराची निळी रेघ, सगळं पाण्यात हलल्यासारखं हले. कुणी विचारलं, "मिस्त्री, पंप कुठी आहे?" तर उत्तर तीन मिनिटांनी येई, आणि ते बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचं असे. तानाबाई गिऱ्हाइकांना सांगत, "थांबा, येऊन राह्यले. सध्या लय दूर गेले."

यंदाच्या माघात उकंडराव नेहमीप्रमाणे आले, हात सोडून दाखवले, चाक ठेवून गेले. माणिकरावांनी त्याचा आऊट काढला, पार काही-नाही-पर्यंत नेला, आणि त्या समाधानात भिंतीला टेकून डोळे मिटले. तेवढ्यात तानाबाईंनी झाडू मारण्यासाठी चाक उचललं, बाजूला ठेवलं, झाडून झाल्यावर परत घोडीवर लावलं. फक्त उलटं लावलं. डावी बाजू उजवीकडे.

माणिकरावांना जाग आली तेव्हा वाऱ्याने चाक आपलंआपण हळूहळू फिरत होतं आणि काटा त्याच्यापासून बोटभर लांब उभा होता.

ते स्वप्न आहे असं समजून त्यांनी पुन्हा डोळे मिटले. उघडले. बोटभर. त्यांनी चाक काढून सुलटं लावलं. केसभर. उलटं लावलं. बोटभर. सुलटं, केसभर. असं त्यांनी चौदा वेळा केलं. मग फूटपट्टी लावली. उलटं लावल्यावर फरक चार सूत, म्हणजे अर्धा इंच, पडत होता. चाक घोडीच्या दोन पायांच्या बरोबर मधोमध असतं, तर उलटं काय नि सुलटं काय, फरक पडायला नको होता. चाराचे निम्मे दोन. घोडीच दोन सूत डावीकडे होती. आणि घोडी डावीकडे, म्हणजे तिच्यावर निघालेलं प्रत्येक चाक डावीकडे. एकोणीस वर्षांतलं प्रत्येक.

माणिकरावांना आठवलं, घोडी खामगावहून आणताना एसटीच्या टपावरून एकदा पडली होती. "पडली, पण वाकली नाई," असं ते तेव्हापासून कौतुकाने सांगत आले होते.

त्या दुपारी ते न जेवता खाटेवर पडले आणि त्यांना स्वप्न पडलं. गावातल्या सगळ्या सायकली रस्त्यावर निघाल्या होत्या. दूधवाल्याची, पोस्टमनची, शाळेतल्या मुलींच्या निळ्या सायकली, गोजरबाईंच्या जावयाची हुंड्यातली. कुणी घाईत नव्हतं. सगळ्या हळूहळू डावीकडे वळत होत्या, रस्ता सोडून, बांध ओलांडून, कपाशीवरून. बोंडांना चाक लागत नव्हतं. घंट्या वाजत होत्या, पण फार लांबून, आणि कुणीही तक्रार करत नव्हतं. दूधवाला तर हसत होता. वळत वळत अख्खं गाव सातपुड्याच्या दिशेने तरंगत गेलं आणि निळ्यात मिसळलं. मागे फक्त उकंडराव उरले, पायी. ते म्हणाले, "पाहा."

उठल्यावर माणिकरावांनी तानाबाईंना सगळं सांगितलं. स्वप्नही.

"मंग?" तानाबाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होत्या.

"शब्द दिला होता. सूतभर वाकडं निघालं तं चाकाले हात नाई लावणार म्हून. अन् हे दोन सूत निघालं."

"कोनाले माहीत आहे?"

"तुले. मले."

"मले काई नाई समजत," तानाबाई म्हणाल्या. "सांगाचं असन तं सांगा. नसन सांगाचं तं तोंड बंद ठेवा. पन सांगू का नको, सांगू का नको, असं करत माह्या मांग मांग फिरू नका."

माणिकरावांनी तिसरंच ठरवलं. आधी घोडी नीट करायची. मग तिच्यावर एकच चाक काढायचं, उकंडरावांचं, आयुष्यातलं पहिलं सरळ चाक. मग जाऊन सांगायचं, आणि चावी ठेवून द्यायची.

घोडी सोडवायलाच दोन दिवस गेले, कारण बोल्ट गंजून पट्टीशी एकजीव झाले होते. रॉकेल पाजलं, ठोकलं, विनवण्या केल्या. मग पाय वाकडा कोणता ते पाहायला सपाट जागा पाहिजे होती, आणि घरात खरोखर सपाट अशी एकच वस्तू होती, तानाबाईंचा मसाल्याचा पाटा. त्यावर एक पाय ठेवला, गुमान बसला. दुसरा ठेवला तर टकटक डुलायला लागला.

"माहा पाटा धुवून द्याचा," तानाबाई आतून म्हणाल्या. "नाईतं भाजीले गिरीस लागन."

माणिकरावांनी डुलणारा पाय दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून ठोकला. एक घाव, मग पाट्यावर. एक घाव, मग पाट्यावर. टकटक बारीक होत गेली आणि एका सकाळी थांबली. घोडी पुन्हा जोडली, चाक लावलं, उलटं केलं. फरक एक सूत. मग पायाखाली डब्याच्या पत्र्याची चकती. अर्धा सूत. आणखी एक पातळ चकती, साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची. आता फूटपट्टीला फरक दिसेना, पण माणिकरावांना दिसत होता. ते उठून आत गेले आणि तानाबाईंच्या अंबाड्याकडे टक लावून पाहू लागले.

"काऊन असे पाहून राह्यले? या वयात?"

"एक केस पाहिजे. पांढरा. पांढरा जाड असते."

"उपटा," तानाबाई म्हणाल्या. "चाकापायी एवढंच राह्यलं होतं."

तो केस काटा आणि चाक यांच्या मधे धरला. सुलटं लावलं, केस अडकला. उलटं लावलं, केस अडकला. माणिकराव तिथंच जमिनीवर बसले आणि त्यांनी चाक फिरवलं. ते बराच वेळ फिरलं. कडुनिंबाची सावली चाकातून गेली, एक बैलगाडी गेली, ढगाचा एक तुकडा गेला, आणि काहीही कशालाही घासलं नाही. तानाबाईंनी दोनदा हाक मारली. मग त्या स्वतःच येऊन शेजारी बसल्या आणि थोडा वेळ त्यांनीही पाहिलं.

"चांगलं दिसते," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे सत्कारच.

या आठ दिवसांत उकंडराव रोज पायी येऊन "झालं काय?" विचारत होते. नवव्या दिवशी झालं होतं. सायकल रस्त्यावर उभी होती, माणिकराव आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तिच्याशेजारी उभे होते. बाजाराचा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता.

"भाऊ," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्ही एकोनीस वर्स खरं बोलत होते. माही घोडी वाकडी होती. चाक दोन सूत डावीकडे होतं. आता सरळ केलं. हे माहं शेवटचं चाक."

चाकवाल्या पक्षाने जल्लोष करायला तोंड उघडलं, तेवढ्यात उकंडरावांनी हात वर केला.

"थांबा. बसून पाहू द्या."

ते बसले. कडुनिंबापर्यंत हँडल धरून गेले, वळले, परत येताना नेहमीप्रमाणे दोन्ही हात सोडले. सायकल चार हात सरळ आली, मग शांतपणे उजवीकडे वळली आणि उकंडरावांना घेऊन तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, तुराट्यांच्या ढिगात शिरली.

लोकांनी त्यांना बाहेर ओढलं. कानात तुराटी होती, तरी चेहरा कुणाच्या लग्नात असावा तसा फुललेला.

"उजवीकडे ओढते!"

"भाऊ, सायकल सरळ आहे. तुम्हीच एकोनीस वर्स उजवीकडे झुकून..."

"मंग पहिलं चाक सरळ होतं!"

"पहिलं वाकडं होतं! मी मोजलं! चार सूत फरक, निम्मे दोन!"

"तू मोजलं. बसलं कोन? एकोनीस वर्स त्याच्यावर तू बसला का मी?"

"तुम्हीच तं म्हनत होते वाकडं आहे म्हून!"

"तवा मले सरळ चाक कसं असते ते कुठी माहीत होतं? आज माहीत झालं. हे वाकडं, ते सरळ."

भर बाजारात माणिकराव आपलं चाक वाकडं होतं म्हणून ओरडत होते, शेवटी त्यांनी तानाबाईंचा केससुद्धा पुरावा म्हणून दाखवला, आणि उकंडराव सगळ्यांना समजावत होते की मिस्त्रीच्या हाताला अख्ख्या तालुक्यात तोड नाही. पक्षांना आपली बाजू कोणती तेच कळेना. बैठकवाले चाकवाल्यांकडे गेले, चाकवाले चहाला गेले.

"माहा शब्द?" माणिकराव शेवटी थकून म्हणाले.

"शब्द कोनाले दिला होता? मले. मी म्हनतो चाक सरळ होतं. खलास." उकंडरावांनी कानातली तुराटी काढली. "आता हे पहिल्यासारखं करून दे. बुधवारी येतो."

माणिकरावांनी ती घोडी पुन्हा वाकवली नाही. तेवढं त्यांच्याने झालं नसतं. सरळ घोडीवरच त्यांनी उकंडरावांचं चाक चढवलं आणि एकेक तार मोजून आवळत ते बरोबर दोन सूत डावीकडे नेलं. आत्तापर्यंत जे आपोआप होत होतं ते मुद्दाम करायला दोन दुपारी लागल्या. त्या दोन दुपारी गिऱ्हाइकांना एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. चाक तयार झालं तेव्हा ते सरळ चाकासारखंच, काहीही न घासता फिरत होतं, फक्त दोन सूत तिकडे. उकंडराव बुधवारी आले, बसले, हात सोडले, डावीकडे गेले, परत आले.

"पाहा," ते म्हणाले.

"बैठक," माणिकराव म्हणाले, आणि तानाबाईंनी चहा टाकला.

पाडव्याला उकंडरावांच्या मुलाने खामगावहून बॅटरीवरची गाडी आणली आणि सायकल भंगारवाल्याला दिली. त्या गाडीच्या चाकांना आवळायला तारा नाहीत.